घीन येणाऱ्या बाईचं धुणं

झड लागली की आमच्या किन्हीराजाकडे चार-चार दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. पाऊस मोठा नसतो. नुसता टिपटिप, टिपटिप, टिनाच्या छपरावर. सोयाबीनला बरा, माणसाला नाही. भिंतीला ओल चढते, मिठाला पाणी सुटतं, चपलांवर पांढरी बुरशी येते. घरात जी काही घाण असेल ती वास मारायला लागते. उन्हाळ्यात घाण वाळून खपली होऊन पडते. थंडीत ती गप्प असते. झडीत मात्र जागी होते आणि घरभर फिरते. श्रावणावर लोकांनी बरीच गाणी केली आहेत. ती करणाऱ्यांच्या घरात तान्हं लेकरू नसावं, किंवा असलं तरी त्याचं धुणं दुसरं कोणी करत असावं.

यंदाच्या झडीत आमच्या ओसरीतल्या दोरीवर पुन्हा बदकं वाळत घातली आहेत. निळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची, कापडावर छापलेली बदकं. काही वर्षांपूर्वी ती माझ्या नातीच्या बुडाखाली होती. आता माझ्या बुडाखाली आहेत.

झालं असं, की आखाडात न्हाणीतल्या शेवाळावरून माझा पाय घसरला आणि खुबा मोडला. अकोल्याला नेऊन त्यात लोखंड बसवलं. घरी पाठवताना सांगितलं, इतक्यात उठायचं नाही. सोबत कागदी चड्ड्यांचा एक गठ्ठा दिला. माणसानं मुतावं आणि ते अंगाला बांधूनच पडून राहावं, यासाठी कोणीतरी डोकं लावून त्या चड्ड्या बनवल्या आहेत. घामानं आणि त्या फुगलेल्या लगद्यानं माझ्या मांड्यांची साल निघाली. मग माझी लेक रंजना माळ्यावर चढली. तिच्या पोरीच्या, मितूच्या, लहानपणीच्या, चड्डीत घालायच्या कापडी गाद्यांचं गाठोडं तिनं खाली काढलं. दोन-दोन गाद्या जोडून मशीनवर शिवल्या आणि माझ्याच जुन्या सुती लुगड्याचे लंगोट फाडले. गादीवरून घालायच्या टिचबटणाच्या चड्ड्याही गाठोड्यात होत्या. त्या मला होतील का, हे मी विचारलं नाही.

रंजना कारंज्याला एका पतसंस्थेत नोकरी करते. माझ्यासाठी रजा काढून, मितूला घेऊन आली आहे. मला दुसरं लेकरू नाही, आणि हिचा बाप जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे माझ्याखालचं काढायला ही एकटीच. रोज सकाळी ती मला कुशीवर वळवते, गादी ओढून काढते, ओल्या फडक्यानं पुसते. हे सगळं करताना तोंड हसरं ठेवते. फोटो काढताना ठेवतात तसं.

"तू कायले लाजतं आई? मले काई नाई वाटत."

मी लाजत नाही. लाजायचं वय गेलं. मला राग येतो. तिला घाण वाटते हे मला न विचारता कळतं, कारण धुऊन आलेल्या गादीच्या कडेला पिवळी रेघ राहिलेली असते. झडीत कापड वाळत नाही, म्हणून ती शेवटी माझ्या खाटेशेजारीच इस्त्री फिरवते. इस्त्री टेकली की खोलीत मुताची वाफ उठते. डोळ्यांना झोंबते. चांगल्या धुतलेल्या कापडातून तशी वाफ उठत नाही. इस्त्रीपुढं धुणारीचं खोटं चालत नाही. रंजना खिडकीकडे तोंड करते आणि म्हणते, "पावसाचा वास हाये आई, कुबट." मी म्हणते, "हो. ढग मुतून राह्यला."

विनोद करते, पण माझ्या पाठीला, कमरेच्या जरा खाली, लाल चट्टा पडला आहे. दवाखान्यातल्या बाईनं बजावून सांगितलं होतं: हा चट्टा फुटू देऊ नका, या वयात फुटला की लवकर भरून येत नाही. खुबा जुळून येईल, पण पाठ सडली तर मी या खाटेवरून उठणार नाही. मला उठायचं आहे. म्हणून मी रोज पडल्या पडल्या दोरीकडे पाहते आणि कोणत्या गादीला रेघ आहे, कोणत्या नाही, ते शोधते. पाठीखाली येणाऱ्या गादीचा अंदाज आधीच घेऊन ठेवते.

आणि मला ती दुसरी झड आठवते. मितूच्या जन्माची.

रंजनाचं लग्न उशिरा झालं, लेकरू त्याहून उशिरा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती इथं आली. तेव्हाही श्रावण होता, तेव्हाही सूर्य नव्हता. सुरुवातीला तिनं लेकरासाठी कागदी चड्ड्याच आणल्या होत्या. वापरून झाली की गुंडाळून मागच्या उकिरड्यावर टाकायची. आमच्या गल्लीत चार कुत्री आहेत आणि चारही हरामखोर. त्यांनी त्या चड्ड्या ओढून रस्त्यावर आणल्या, फाडल्या. आतला लगदा पावसानं फुगला. सगळ्या गल्लीत बेडकांच्या अंड्यांसारखे पांढरे लिबलिबीत गोळे पसरले, मध्ये मध्ये पिवळे. त्यातून पोरं शाळेत जात होती. एक कुत्रं तो लगदा चाटत होतं. मी दारात उभी राहून ते पाहिलं आणि हातातला चहा अंगणात ओतून दिला.

मग ती बदकं आली. रंजनाच्या कामावरच्या कोण्या मैत्रिणीनं भेट पाठवली होती. वरून रंगीत चड्डी, आतून रेनकोटासारखं अस्तर, पुढे टिचबटणं. आत घालायला जाडजूड पांढरी सुती गादी, तिच्याही एका बाजूला तीच बदकं. दिसायला झकास. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझ्या मनात एकच आलं: एवढी जाड वस्तू झडीत वाळवायची कुठं?

आमच्या काळी जुन्या लुगड्याचे चौकोनी तुकडे असत. पातळ, मऊ, फुंकर घातली तरी वाळतील असे. हे तसलं नव्हतं. ही गादी सकाळी पिळून टाकली तर दुसऱ्या सकाळीही आतून ओली. हात लावला तर वरून कोरडी, दाबली तर थंड. ओसरीत दोरी, आतल्या खोलीत दोरी, दाराच्या कड्यांना दोरी. मान वाकवल्याशिवाय घरात चालता येत नव्हतं, आणि मान वाकवली नाही तर गालाला ओलं बदक लागायचं. टाकीत पाणी न भरता कूलर लावला आणि त्याच्यापुढं खुर्च्या मांडून पाठीवर गाद्या टाकल्या. मग कूलरचा वारा सगळ्या घराला तो वास वाटत फिरला. बांबूचं डालं उपडं घालून खाली शेगडी ठेवली, तर मूत आणि धूर असा नवाच वास निघाला. तो माझ्या केसांत बसला. भाकरीलाही लागला. मी भाकरीचा तुकडा मोडायची आणि नाकाशी नेऊन परत ठेवायची.

त्यात रंजनानं काय करावं? वास मारायला तिनं धुण्यात ते मऊपणाचं सुगंधी पाणी टाकलं, बाटलीतलं. गुलाबाच्या बागेत बैलानं मुतावं तसा वास झाला. आणि त्या पाण्याचा एक तेलकट थर कापडावर बसतो. मग गादी ओलं पीतच नाही. पोरीनं मुतलं की सगळं मांडीवरून घसरून थेट अंथरुणात. तिथून पोरीच्या बुडाला पुरळ उठलं. लाल, बारीक, मोहरीसारखं.

तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट यायला हवी होती, पण धुण्याच्या ढिगाखाली दिसली नाही. रंजना लेकराला पाजायची आणि लगेच माझ्याकडे द्यायची. पाळण्यात ठेवायची आणि दूर जाऊन बसायची. पोरगी रडली तरी उठायला वेळ लावायची. बाळंतीण आहे, दमते, असं मी म्हणत राहिले.

शेजारची शांता रोज दुपारी यायची. बाळंतिणीजवळ बसायचं, सुपारी कातरायची आणि शहाणपण वाटायचं.

"लेकराच्या शीले वास नसते वो माय," ती रंजनाला सांगायची. "दुधाचं लेकरू. त्याची घान म्हंजे काई घान नसते. आईले तर अजिबात घीन येत नसते. ज्या बाईले आपल्या लेकराची घीन आली, ती बाई कायची आई?"

मी तेव्हा न्हाणीत होते, घमेल्यापाशी. मला ऐकू आलं होतं. मी आतून ओरडले, "शांते, वास नसते तर ये इकडे, दोन हात मार!"

"माहे गुडघे दुखतात वो उकंडाबाई," शांता म्हणाली.

आमच्याकडे किळस कोणी म्हणत नाही. घीन म्हणतात. शब्द तोंडातून निघतानाच नाक वर चढतं. कोवळ्या लेकराच्या शीला वास नसतो हे ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्यानं ती कधी धुतली नसणार. आंबलेल्या ताकासारखा वास असतो. सुरुवातीची काळी, डांबरासारखी चिकट. मग हिरवी, मग मोहरीच्या फोडणीसारखी दाणेदार पिवळी. ती नखात बसते. चड्डीच्या मांडीवरच्या रबराच्या चुण्यांत बसते. टिचबटणाच्या खाचेत बसते आणि तिथं वाळते. ती काढायला झाडूची काडी घ्यावी लागते. मी हे सगळं काढलं, आणि प्रत्येक वेळी माझ्या घशाशी आलं. एकदाही चुकलं नाही.

एक दिवस घरात वेगळा वास सुटला. गोडसर, सडका. मला वाटलं कोठीमागं उंदीर मेला. धान्याची पत्र्याची कोठी रेटली, मागं हात घातला, तर हाताला उंदीर नाही, गाठ मारलेली प्लास्टिकची पन्नी लागली. फुगलेली. मी ती ओसरीत आणून सोडली.

आत बदकं होती. दोन-तीन दिवसांची, तशीच, न धुतलेली, गुंडाळी करून कोंबलेली. बदकांच्या तोंडावर अळ्या वळवळत होत्या. पांढऱ्या, तांदळासारख्या, एकमेकींवर चढणाऱ्या. एक माझ्या अंगठ्यावर आली.

मी ओसरीच्या कडेला धावले आणि ओकले. सकाळची भाकर, बेसन, सगळं. खांबाला धरून उभी राहिले, परत वास आला, परत ओकले. मागं वळून पाहिलं तर दारात रंजना उभी. पांढरीफटक.

"आई," ती म्हणाली, "तुले घीन आली?"

"मंग काय अत्तर लावून राह्यली काय मी?"

"पन तू तर रोज धुतं."

"धुनं येगळं, घीन येगळी. तुले कोनं सांगतलं मले घीन येत नाई?"

ती खाली बसली. तिथंच, उंबऱ्यावर, आणि रडायला लागली. रडता रडता जे बोलली ते मला तुकड्यातुकड्यानं समजलं. तू न्हाणीत असली का मी करतो आई, तिनं केलं का मी काढतो, पन मले उलटी येते. शांताकाकू म्हनते, आईले येत नसते. मले येते. म्हंजे मी आई नाई. मंग मी लपवून ठेवलं, का तुले वाटू नाई मी धुवत नाई. आता तर मी तिले घ्यायलेच भेतो. घेतलं आन् तिनं केलं तर? माहं तोंड पाहून तिले समजनार.

"तिले काय समजते? तिले थान समजते," मी म्हटलं.

"तू खरं सांग, तुले माहीबी घीन यायची?"

"तुही तर लैच. तू हगवनीची होती."

रडता रडता ती हसली. नाकातून शेंबूड आला. मी म्हटलं, "पूस ते, त्याचीबी घीन येते मले." तेव्हा आणखी हसली.

मग मी तिला डब्यातली लवंग आणायला लावली. एक तिच्या गालात, एक माझ्या. लवंग चावली की जिभेला चटका बसतो आणि नाकाचं लक्ष तिकडे जातं. हा माझा जुना उपाय आहे. सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हापासूनचा. आम्ही ती पन्नी मागं नेली, वाऱ्याकडे पाठ करून बसलो, म्हणजे वास समोर जातो. काठीनं अळ्या झटकल्या. आधी थंड पाणी, नुसतं थंड, साबण नाही, ऊन पाणी तर मुळीच नाही. ऊन पाणी टाकलं की डाग कापडात शिजतो आणि मग मरेपर्यंत निघत नाही. थंड पाण्यानं घाण सुटली की मग साबण, ब्रश, कडा, चुण्या, खाचा. गाद्या सुती, म्हणून त्या पातेल्यात उकळल्या. वरच्या चड्ड्यांना रेनकोटाचं अस्तर, त्या उकळल्या तर भजी होतील, म्हणून त्या वेगळ्या, हलक्या हातानं. शेवटी साधं पाणी, आणि परत पाणी, आणि परत, फेस दिसेनासा होईपर्यंत. पिळताना दोघींनी दोन टोकं धरली. रंजना मध्ये मध्ये "अँऽऽ" करून मान फिरवत होती. मी पण करत होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, दोन म्हशी रेकतात.

पण गाद्या निघाल्या पांढऱ्या. नाकाशी नेल्या तर काही नाही.

तेव्हा मला समजलं ते हे, की ज्या बाईला घीन येते तिचंच धुणं चोख असतं. जिला वाटत नाही, किंवा जी वाटत नाही म्हणते, ती डाग सोडते. घीन येणारी सोडू शकत नाही. तिचं नाकच सोडू देत नाही. शांताच्या दोरीवरचे कपडे कोणीही जाऊन पाहावेत.

रविवारी जावई आले. प्रशांत कारंज्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. बसखाली उताणे झोपून तोंडावर ऑइल घेणारा माणूस. मी त्यांच्यापुढं बकीट ठेवली.

"आई, हे काय?"

"तुमच्या पोरीचं."

शांता समोरच होती. तिची सुपारी अडकली. "अवं उकंडाबाई, जवायाच्या हाती लंगोट देतं वो? जरा तरी लाज!"

"पोरगी काय रंजनानं एकटीनं आनली काय?"

प्रशांतनं तोंडाला रुमाल बांधला, बकिटीत पाहिलं, आणि पायरीवर जाऊन बसले. घाम फुटला होता. "आई," ते रुमालातून म्हणाले, "याच्यापरीस डिझेल बरं." पण उठले. धुतल्या. आणि मला न विचारता, चांगलं निघेल म्हणून, वरून उकळतं पाणी ओतलं. मग त्या गाद्यांवर जे पिवळे ढग उमटले ते आजही आहेत. दोरीवर लांबून ओळखू येतात, या जवायाच्या. पण वास कुठल्याच गादीला नव्हता, हे मी मान्य करते. घीन आली होती माणसाला. पुढं पोरगी चालायला लागेपर्यंत कारंज्यात अर्धं धुणं तेच करत होते, रुमाल बांधून.

आणि रंजना लेकराला घ्यायला लागली. अंगावर केलं की "छी, घाणेरडी" म्हणायची, नाक मुरडायची, ओकारी काढायची आणि मुका घ्यायची. पोरीच्या बुडावरचं पुरळ उतरलं, तेव्हा झडही उघडली होती.

माझ्या नावाबद्दल वाचणाऱ्याला प्रश्न पडला असेल. उकंडा म्हणजे उकिरडा. माझ्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. मी झाले तेव्हा आजीनं मला टोपल्यात घातलं, उकंड्यावर नेऊन शेणकचऱ्यात ठेवलं, वरून मूठभर केर टाकला. मग कोणाची तरी टाकलेली पोर सापडली असं दाखवत घरी उचलून आणलं. नाव ठेवलं उकंडा. कारण काय, तर मरण न्यायला आलं तर त्याला माझी घीन यावी आणि त्यानं परत जावं. पुढं आमच्या लोकांनी धम्म घेतला. बापानं असले सगळे प्रकार सोडले, माझं नाव मात्र तोंडात बसलं होतं ते राहिलं. शाळेत पोरं नाक दाबायची. चौथीपर्यंत दाबली, मग मीच शाळा सोडली. मरणाला मात्र अजून माझी घीन येत असावी. अकोल्याला येऊन पाहून गेलं आणि परत फिरलं.

सांगायचं ते हे, की आजीसारख्या त्या बायांनी मरणालासुद्धा घीन येते असं धरलं. आईला येत नाही म्हणे.

माझा बाप तरुणपणी गावची मेलेली ढोरं ओढायचा. त्याच्या बापानं ओढली म्हणून त्यानं. पावसाळ्यात फुगलेलं ढोर, पोट फुटलेलं, पाय धरावा तर कातडी हातात येणारं. धम्म घेतल्यावर त्यानं एक दिवस सांगितलं, आता ओढणार नाही. गावातला एक मोठा माणूस दारात आला. मी दाराआड उभी होते, लहान होते, पण हे पक्कं आठवतं. तो माणूस नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाला, "अरे, मंग कोन ओढन? आमाले तर तिथं उभं राहवत नाई. तुमाले सवय हाये, तुमाले वास येत नाई."

बाप म्हणाला, "येते. पैल्यापासून येते. तुमी इचारलं नाई."

ज्याच्या गळ्यात घाण बांधायची असते त्याला आधी सांगतात, तुला नाक नाही. आमच्या लोकांना सांगितलं. मग बायांना सांगितलं, त्यातही आयांना सांगितलं, आणि वर गोड करून सांगितलं. शांतानं सांगितलं तेही तेच. तिलाही कोणीतरी सांगितलं असेल. मला मात्र बापाचं ते एक वाक्य पुरलं. मी आयुष्यभर घाण धुतली, लेकीची, सासूची, नवऱ्याची शेवटच्या दुखण्यातली. कोणाला एकदाही म्हटलं नाही की मला काही वाटत नाही. नवऱ्याला तर म्हणायची, "काय खाल्लं होतं हो?" तो हसायचा. त्याची पाठ सडली नाही.

म्हणूनच रंजनाच्या हसऱ्या तोंडाचा मला राग येत होता. त्या झडीत जे शिकली ते ती माझ्यापाशी येऊन विसरली. लेकराची घीन येते म्हणायला तिला मी शिकवलं, पण आईची घीन येते हे म्हणायला तिला लाज वाटत होती. मितू नाक दाबून दारातूनच "आजी, गंदी!" म्हणून पळते, तर रंजना तिला दटावते. मी म्हणते, बोलू दे. घरात तेवढी एकच खरं बोलते.

काल सकाळी रंजनानं मला कुशीवर वळवलं. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"आई, हे लाल वाढलं काय?"

"मले पाठ दिसते काय? तू सांग."

"वाढलं," ती म्हणाली. आवाज बारीक झाला. "कड ओली दिसते. फुटते का काय."

"दोरीवरची ती गादी आन. ती नाई, कोपऱ्यातली."

तिनं आणली. मी म्हटलं, "कड पाह्य."

"डाग हाये जराक. जुना हाये तो, प्रशांतचा."

"प्रशांतचे डाग मधात हायेत. कडंचा तुहा हाये. नाकाले लाव."

"आई..."

"लाव म्हनतो ना."

तिनं गादी तोंडाजवळ नेली, श्वास धरून. मी पाहत होते. किती वेळ धरणार? शेवटी तिला श्वास घ्यावा लागला. तिची मान मागं गेली, पोट आत ओढलं गेलं, गादी हातातून पडली, आणि ती धावली. ओसरीच्या कडेला, त्याच खांबाला धरून. मी पडल्या पडल्या ऐकलं. चांगली पोटातून ओकली. माझ्यासारखाच आवाज करते.

परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, नाक लाल. हसणं पुसलं गेलं होतं. खाटेच्या पायाशी बसली.

"येते काय घीन?" मी विचारलं.

"येते," ती म्हणाली. "लै येते आई. मितूची येवढी नव्हती येत. मोठ्या मानसाची लैच वाईट असते. मी डोळे मिटून धुतो. पाण्यातून काढतो आन् टाकतो दोरीवर. मले वाटे, तुले समजलं तर तुले काय वाटन."

"मले पाठीत वाटून राह्यलं."

तिनं खाली पडलेली गादी उचलली. बाहेर टिपटिप चालूच होती.

"लवंग कुठी ठेवतं तू आता?" तिनं विचारलं.

"मसाल्याच्या डब्यात. एक मलेबी आन. मलेबी येते माही."

मग तिनं दोरीवरची, बकिटीतली सगळी बदकं ओढून घमेल्यात टाकली, धुतलेली, न धुतलेली, सगळी. दुपारभर न्हाणीतून ब्रशाचा आवाज येत होता. मध्ये मध्ये "अँऽऽ", मग थुंकणं, मग शिवी. शिवी मला होती की गादीला, ते समजलं नाही. चूल पेटली, पातेलं उकळलं. शांता दारातून डोकावली आणि म्हणाली, "काय वो रंजना, आईची सेवा करून राह्यली? पुन्य लागते."

"काकू, घान लै हाये," रंजना आतून ओरडली. "येतं काय?"

शांताच्या गुडघ्यांचं दुखणं अजून तसंच आहे.

दिवेलागणीला रंजनानं खाटेशेजारी सतरंजी घडी करून टाकली आणि इस्त्री तापवली. पहिलीच गादी घेतली ती जवायाच्या पिवळ्या ढगाची. इस्त्री टेकली. कापड चुरचुरलं, वाफ उठली, वर आली. मी मान उचलता येईल तेवढी उचलली. ती वाकली. आम्ही दोघींनी नाक पुढं केलं.

"काई नाई," रंजना म्हणाली.

मी आणखी एकदा वास घेतला.

"काई नाई," मी म्हटलं, आणि पाठ तिच्याकडे केली.